नाव नसलेली सायकल

सायकल करून घ्यायला आलेल्या माणसाला महादेवअण्णा आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन यायला सांगत. माझी चाल पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, सायकलवर काय काय वाहणार? मी पुण्याहून नुकताच नोकरीसाठी कानडी मुलखात आलेलो. ऐटीत म्हणालो, काही नाही. "सरी, बरं तर," अण्णा म्हणाले, "लग्न झाल्यावर ये." भाजीची पिशवी कबूल केली तेव्हा कुठे त्यांनी दोऱ्यानं माझं माप घेतलं.

बसवनगुडीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते पोलादी नळ्या पितळेची डाक देऊन जोडत आणि सायकलचा सांगाडा उभा करत. घराणं दोन-तीनशे वर्षांपासून इकडचं, मराठीत कानडी पार मुरलेलं. सांगाड्यावर स्वतःचं नाव मात्र ते कधीच घालत नसत. विचारलं तर म्हणत, "भाकरीवर कोण नाव घालतं रे?"

सत्त्याण्णवच्या सुमारास जुन्या सायकली जमवणारे एक गृहस्थ मुंबईहून आले. माझी सायकल त्यांनी उलटसुलट पाहिली. म्हणाले, हातानं केलेले असे सांगाडे पुढे लोक शोधत फिरतील, पण करणाऱ्याचं नाव नसेल तर कोण विश्वास ठेवणार? तोवर काचबिंदूनं अण्णांची नजर जात आली होती आणि नवं काम त्यांनी बंद केलं होतं. एवढा कारागीर, आणि मागे नावही राहू नये, हे माझ्या जिवाला फार लागलं.

आमच्या घरी वाटीपासून पातेल्यापर्यंत सगळ्यावर नावं. मी सायकल सरळ भांड्यांच्या दुकानात नेली आणि हँडलजवळच्या नळीवर छिन्नीनं अण्णांचं नाव ठोकून घेतलं. मग मोठ्या कौतुकानं ती त्यांच्यापुढे उभी केली.

त्यांची बोटं नळीवरून फिरता फिरता थांबली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"स्वल्प जाड असती तर चाललं असतं," ते म्हणाले. "पातळ नळी आहे बाळा. ठोकलंस तिथनंच तडकणार. उतारावर तोंडावर पडशील."

मी म्हटलं, मग चालवत नाही, भिंतीवर टांगतो. नाव तरी राहील.

"माझं नाव राहायला तू पायी हिंडणार?" अण्णा म्हणाले. "बत्ती पेटव."

ज्योतीखाली नळी तापू लागली. त्यांना रंग दिसत नव्हता. लाल झाली, नारिंगी झाली, हे मी सांगत होतो. ती नळी काढून नवी बसवायला त्यांना चार दिवस लागले, दोन बोटं भाजली. ते त्यांचं शेवटचं काम.

अण्णा गेल्यावर ते गृहस्थ पुन्हा आले. ही त्यांचीच कशावरून, म्हणाले. माझ्याकडे पुरावा नव्हता. ते निघून गेले आणि मी दारातच रडलो. अण्णांचं नाव राहावं म्हणून मी झटलो होतो. मला इजा होऊ नये म्हणून त्यांनी ते आपल्या हातानं कापून काढलं होतं.