जाड तारेआधीचा प्रश्न

डॉ. कुमुदिनी खांबेटे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका पेशंटला जेवणाबद्दल विचारत होत्या. वाकडे दात तारांनी सरळ करण्याचे शिक्षण नुकतेच संपवून मी त्यांच्या कोपरीतल्या दवाखान्यात काम मागायला गेलो होतो. प्रमाणपत्रांची फाईल नीट लावून नेली होती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलेही नाही. "बसा, हे आटपते," असे म्हणून त्या खुर्चीतल्या कॉलेजच्या पोराकडे वळल्या.

"आज जाड तार घालायची आहे. उद्या-परवा घरी काय शिजणार आहे?"

"परवा ताईची हळद आहे मॅडम. मटण असणार."

"मग आज नाही. हळद खा, लग्न लाव आणि पुढच्या आठवड्यात ये."

मला वाटले, बाई फारच हौशी दिसतात. तोंडात तार घालायची की पंगत वाढायची? पण नोकरीची गरज मला होती, त्यामुळे मत पोटातच ठेवले.

पुढे अनेक वर्षे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काम केले, तेव्हा या प्रश्नाचा अर्थ कळत गेला. सुरुवातीला घालतात ती तार बारीक आणि लवचीक असते. ती दातांना रांगेत आणते आणि पेशंटला वाटते, आपण सुटलो. मग काही महिन्यांनी जाड, चौकोनी, पोलादी तार येते. ती दातांना मुळांपासून वळवते. ती घातल्यावर दोन-तीन दिवस मऊ पोळीसुद्धा चाववत नाही. पुस्तकात यासाठी "सौम्य अस्वस्थता" असा शब्द आहे. तो लिहिणाऱ्याने त्या दिवसांत भाकरी खाल्ली नसावी, असे मॅडम म्हणत.

त्यामुळे त्यांच्या दवाखान्याचे एक वेगळेच पंचांग होते. आषाढ संपत आला की जाड तारा कपाटात जात आणि श्रावण लागला की बाहेर येत. "आता महिनाभर वरण-भातच खाणार आहेत, घालून घ्या," असे त्या आम्हाला बजावत. दिवाळीआधी चकलीच्या धास्तीने सगळे बंद. आम्ही शिकाऊ डॉक्टर यावर खूप हसायचो. मात्र जाड तारेनंतर उपचार अर्धवट सोडून जाणारे पेशंट मॅडमकडे क्वचितच असत, हे आमच्यातल्या प्रत्येकाने स्वतःचा दवाखाना काढल्यावर ओळखले. माझ्या डोंबिवलीच्या दवाखान्यात मीही आता हाच प्रश्न विचारतो. लोक माझ्याकडेही तसेच विचित्र नजरेने पाहतात.

मॅडमचा स्वभाव मऊ आहे असे मात्र कुणी समजू नये. कामात कुचराई दिसली की त्या पेशंटसमोरही आम्हाला फैलावर घेत. वायरचे टोक गालाला टोचते असे कुणी म्हणाले की आधी आमच्याकडे पाहात. पेशंटवर मात्र त्यांना कधी आवाज चढवावा लागला नाही. त्याची एकच आठवण सांगतो.

रेखाताई खोपटच्या डेपोत बसवाहक होत्या. वय पस्तिशीच्या आसपास. वरचे दात इतके पुढे, की ओठ मिटत नसत. तिकीट द्यायचे, थांब्याचे नाव ओरडायचे, प्रवाशांशी वाद घालायचा, हे सारे त्या तोंडापुढे रुमाल धरून करत. एवढ्या वयात तारा लावायचा निर्णय त्यांनी एकटीने घेतला होता. कोळीवाड्यातले घर, सासूबाईंचा कडक विरोध. बारीक तारेचे महिने ठीक गेले. जाड तार घालण्याच्या दिवशी मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि रेखाताई म्हणाल्या, "मऊ भात अन् कालवण. काय टेन्शन नाय."

दोन दिवसांनी त्या गणवेशातच आल्या. डोळे सुजलेले, तार धरून ठेवणारे दोन ठोकळे दातांवरून निखळलेले.

"मॅडम, सगळं काढून टाका. मला नाय जमत. गाडी खड्ड्यात आपटली की मस्तकात कळ जाते. असेच दात घेऊन मरेन, चालेल."

मला राग आला. इतक्या महिन्यांची मेहनत वाया जाणार होती. मी काही बोलणार, तेवढ्यात मॅडमनी मला नजरेनेच गप्प केले आणि विचारले, "काल डब्यात काय होतं?"

 रेखाताईंना रडू फुटले. तारा लावू द्याव्यात म्हणून त्यांनी सासूबाईंना पहिल्या दिवसापासून सांगितले होते, की हे अजिबात दुखत नाही. आता मऊ भात मागायचा कोणत्या तोंडाने? सासूबाई रोज तांदळाची भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील डब्यात देत होत्या आणि सून ते तसेच चावत होती. डबा परत नेला असता तर खोटे उघडे पडले असते.

मॅडम म्हणाल्या, "काढत नाही. मागे जाऊ. आज पुन्हा आधीची बारीक तार घालते, काही आठवडे आराम कर. आणि पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन ये."

"त्या नाय येणार मॅडम."

"मग मी येते."

आणि त्या खरोखर गेल्या. मीही सोबत होतो. अंगणात सासूबाई जाळे विणत बसल्या होत्या. मॅडमनी दुखण्यावर व्याख्यान दिले नाही. पर्समधून जाड तारेचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "आजी, वाकवून बघा."

सासूबाईंनी बोटांनी जोर लावला. मग दोन्ही हातांनी लावला. तार ढिम्म हलेना. त्यांनी सुनेकडे पाहिले.

"ही तार हाय का खिला? ही तुजे तोंडान होती? अन् तू भाकर खात व्हतीस? मना सांगाचा नाय गो?"

रेखाताई मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यानंतर जाड तार पुन्हा घातली तेव्हा सासूबाई स्वतः दवाखान्यात आल्या आणि मॅडमनी विचारण्याआधीच म्हणाल्या, "भात नरम केलाय. मासल्याचे काटे मीच काढून देतंय." मी ट्रेमधली हत्यारे आवरण्याचे निमित्त करून तोंड फिरवले.

तारा निघाल्या त्या दिवशी दोघी एकत्र आल्या. रेखाताईंनी आरशात पाहून ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग डेपोतल्या कुणाची तरी तक्रार सांगत बसल्या. चांगल्या मोठ्या आवाजात, हात मांडीवर. रुमाल खुर्चीखाली पडला होता आणि त्यांच्या लक्षातही नव्हते.

सासूबाईंच्या मात्र होते. त्या उठल्या, मॅडमच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली आणि म्हणाल्या, "माजा उरलेला आयुष्य तुला लागूं दे गो बाय."

मॅडम एकदम गांगरल्या. "नको हो आजी, तुमचं तुम्हालाच राहू दे."

मॅडमनी नुकतीच साठी पूर्ण केली, त्यानिमित्त हा लेख. आम्हा सर्व शिष्यांची प्रार्थना त्या आजींचीच आहे, पण कुणाच्या वाट्याचे मॅडम घेणार नाहीत हेही आम्ही जाणतो. म्हणून त्यांना त्यांचे स्वतःचेच आयुष्य भरपूर आणि निरोगी मिळो. आजी अजून ठणठणीत आहेत, आणि हा लेख वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कुठं परत घेतलाय? दिला तो दिला."