सर्व्हर कोणाच्या घरी?

चार माणसांत एखादी वस्तू सामायिक झाली की किस्से आपोआप साठायला लागतात. बिल्डिंगची पाण्याची टाकी बघा, नाहीतर मंडळाची ताडपत्री. आमच्या चौघांत सामायिक आहे एक गेम सर्व्हर! त्याच्यापायी आम्ही एकमेकांवर जेवढा संशय घेतलाय, तेवढा कुठल्या सासूने सुनेवर घेतला नसेल.

आधी ओळखी. मी स्वाती, मुलुंडची. पश्या घाटकोपरचा, रुपाली बोरिवलीची. हेमंत मूळचा वर्सोव्याचा कोळी, हल्ली अंधेरीत सातव्या मजल्यावर भाड्याने राहतो. कॉलेजपासूनची आमची दोस्ती. आता प्रत्यक्ष भेटणं जमत नाही, म्हणून संध्याकाळी गेममध्ये भेटतो. ठोकळे रचून घरं, गावं उभी करायचा गेम आहे. त्यात लोकांनी बनवलेल्या जादा गोष्टी घालता येतात, त्यांना मॉड म्हणतात. आणि हे सगळं जग ज्या कॉम्प्युटरवर राहतं, तो सर्व्हर. तो आपल्याच कोणाच्या तरी घरी ठेवायचा की कंपनीकडून भाड्याने घ्यायचा, हा आमचा जुनाट वाद.

वाद उगाच नाही. हेमंतचं वर्सोव्याचं घर टॉवरसाठी पाडलं. ते त्याने गेममध्ये पुन्हा बांधलं, ओट्यापासून कौलांपर्यंत. त्याची आई मागे उभी राहून सांगायची, "खिडकी खाली घे रे, खाडी दिसाया पायजे." हेमंतचं आमच्याकडे एकच मागणं असतं, "सर्व्हर कुठे पण ठेवा यार, पण माझं घर जाऊ देऊ नका."

* * *

पहिला सर्व्हर पश्याच्या घरी होता. त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर पडून होता आणि उत्साह भरपूर.

थोड्याच दिवसांत रुपालीच्या लक्षात आलं की गेममध्ये आपण तिघं खाणी खणून खणून कोळसाच काढतोय, आणि पश्याची पेटी मात्र हिऱ्यांनी भरलेली! ज्याच्या घरी सर्व्हर, त्याला वाटेल ते करता येतं, हे आम्हालाही ठाऊक होतं.

"पश्या, हिरे कुठून आले रे?"

"मेहनत करतो मी!"

"मग आम्ही काय मटार सोलतो?"

पश्या चिडला. म्हणाला, एवढा संशय असेल तर घरी या आणि स्क्रीन बघा. रुपाली खरंच बोरिवलीहून घाटकोपरला गेली! तिला काही सापडलं नाही. पण येताना तिने आम्हाला सांगितलं, "काही सापडलं नाही म्हणजे किती सफाईने केलंय बघा."

* * *

पश्याकडचा सर्व्हर शेवटी त्याच्या आईने बंद पाडला. काकूंचा एक नियम आहे. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद. देवापुढचा छोटा दिवाही सुटत नाही.

एकदा आम्ही तिघं आत ड्रॅगनशी लढत होतो. पश्या ऑफिसात. ड्रॅगन मरायला आला आणि सगळं ठप्प! मी काकूंना फोन लावला. त्या भाजी आणायला निघाल्या होत्या.

"काकू, ते मशीन बंद केलंत का?"

"हो. पश्या घरी नाही, मग कोणासाठी चालू ठेवायचं?"

"अहो काकू, आम्ही आहोत ना आत!"

"आत? कुठे आत?"

मी घाईघाईत बोलून गेले, "तुमच्या घरातल्या मशीनमध्ये. आम्ही तिघं रोज असतो तिथे."

काकूंनी फोन ठेवून दिला. पण पश्या सांगतो, त्या दिवसापासून काकू मशीनच्या खोलीत साडी बदलत नाहीत.

* * *

मग सर्व्हर माझ्याकडे मुलुंडला आला. बाहेरून सगळ्यांना जोडता यावं म्हणून इंटरनेटमध्ये थोडा बदल करून हवा होता. इंटरनेटवाला आला, मला हवं ते ऐकून घेतलं आणि चप्पल घालायला लागला.

"मॅडम, असं सेटिंग घरात कोणी मागत नाही. धंदा काय तुमचा?"

"धंदा नाही हो, गेम आहे."

"तेच म्हणतो मी. पोलीस आले तर माझं नाव घेऊ नका."

काम करून गेला, पण जाताना खाली वॉचमनला सांगून गेला. वॉचमनने सेक्रेटरींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दारात! चेहरा गंभीर. म्हणाले, "तुमच्याकडे काहीतरी गेमिंग चालतं असं कानावर आलंय. बाहेरची माणसं येतात का?"

म्हटलं, "बाहेरूनच खेळतात, घरी कोणी येत नाही."

त्यांनी जिन्यात वरखाली बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "रमी असेल तर आम्ही चौघं आहोत."

* * *

घरातली नाटकं संपेनात, तेव्हा भाड्याच्या सर्व्हरचा विषय निघाला. पश्याने एक कंपनी शोधली. पण पश्याच तो, पत्ता बघितल्याशिवाय विश्वास ठेवेल का? पत्ता सांताक्रूझचा निघाला. "आपलं सगळं जग त्यांच्या हातात देतोय, जागा बघायला नको?" असं म्हणून तो शनिवारी मला घेऊन गेला.

एका गल्लीत, टेलरच्या वर, छोटंसं ऑफिस. एकच इसम डबा खात बसला होता. बिचाऱ्याने डबा बाजूला ठेवला. पश्याने खोलीभर नजर फिरवली.

"पावसात पाणी भरतं का इथे?"

"सर, मशीन इथे नाहीत. दुसऱ्या शहरात आहेत."

"तिथे भरतं का?"

तो म्हणाला, "सर, याच बिल्डिंगमध्ये खाली फ्लॅट विकायला आहे. तो बघायला येणारेसुद्धा एवढं विचारत नाहीत."

पश्या खूश झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "चिडला नाही. माणूस बरा वाटतो." मग दोन पावलं चालून म्हणाला, "का चिडला नाही पण?"

* * *

सर्व्हर भाड्याने घेतला आणि पहिल्याच आठवड्यात तो धापा टाकायला लागला. कंपनीच्या मदतनीसाने तपासून कळवलं की आमच्या मॉडपैकी एक फार जड आहे, तो मासे वाळवण्याचा. हेमंतने घरासमोर काठ्या रोवून बोंबीलच बोंबील वाळत घातले होते.

रुपाली शाकाहारी. हेमंतला तिचाच संशय! "तूच तक्रार केलीस ना त्यांच्याकडे?"

"मला गेममध्ये वास येतो का रे?"

शेवटी हेमंतने मन घट्ट करून अर्धे बोंबील काढले. घरी काही बोलला नाही. पण आईने मागून स्क्रीन बघितलीच. "हेमंत, अर्धे बोंबील कुनी नेले?"

हेमंत गडबडला. मेमरी, मॉड, कंपनी, सगळं समजावून सांगायला लागला. आईने हाताने थांबवलं. "कंपनी कशाला नेईल? जनीनंच नेले असतील."

जनी म्हणजे वर्सोव्याची शेजारीण. तिच्यावर संशय पहिल्यापासून आहे!

* * *

आता शेवटचा. आमचा सर्व्हर आजही भाड्याचाच आहे आणि दिवसरात्र चालू असतो, तो या प्रकारामुळे.

मध्यंतरी पश्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुनी टूम काढली. सर्व्हर परत घरी आणू, काकूंना आता पटवलंय. "दिवसा कोण खेळतं? सगळे कामावर. चोवीस तासांचं भाडं कशाला? संध्याकाळपुरता चालू ठेवू." शिवाय त्याला नवे मॉड हवे होते. ते जुन्या जगात चालत नव्हते. म्हणजे जग नवं सुरू करायचं, आणि जुनं पेन ड्राइव्हवर ठेवून द्यायचं.

हेमंत फक्त म्हणाला, "ठीक आहे. ठेवून देऊ." मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. पण खरं सांगते, नवे मॉड मलाही हवे होते. रविवारी मतदान ठरलं.

त्या आधीच्या गुरुवारी मला ताप आला, घरीच होते. दुपारी पडल्या पडल्या कंटाळा आला म्हणून गेम उघडला. बघते तर हेमंत आत! म्हटलं, बघा, गुपचूप घराचा निरोप घेतोय. त्याला फोन केला.

"मी मीटिंगमध्ये आहे. आता कसला गेम खेळतेस?"

"तू आत नाहीयेस?"

"अगं ऑफिसात आहे मी! ठेव फोन."

माझा ताप उतरला. पश्याला कळवलं. त्याचं उत्तर तयारच होतं, "हॅक! मी सांगत होतो, भाड्याच्या जागेची दुसरी किल्ली मालकाकडे असतेच. कंपनीवाल्यांचंच काम. हेमंतचं घर साफ करतील, थांब." तो ऑफिसच्या लॅपटॉपवरून आत आला, रुपाली तिच्या क्लिनिकमधून. तिघंही तलवारी घेऊन हेमंतच्या घराबाहेर झाडामागे लपलो.

तो खोटा हेमंत विचित्र चालत होता. आधी भिंतीला धडकला, मग विहिरीला वळसा घालून आला. बोंबलांपाशी थांबला. एकालाही हात लावला नाही. मग कसाबसा दार उघडून आत गेला, दार लावून घेतलं आणि खाडीकडच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. पेट्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"हा चोरत का नाहीये काही?" रुपालीने लिहिलं.

"मोठा प्लॅन असणार," पश्याने लिहिलं, आणि धाडकन दार उघडून आत घुसला. मागोमाग आम्ही दोघी, तलवारी उपसून. पश्याने चॅटवर विचारलं, "कोण आहेस तू? पासवर्ड कुठून मिळाला?"

तो वळला. पश्याने तलवार उगारली.

मग एकेक अक्षर शोधून लिहिल्यासारखं उत्तर आलं.

"हेमंत कामाला गेलाय. बसा तुमी. दार लोटून घ्या, मांजर येते."