कोपरा आला का?

माझ्या दुकानात कॅमेरा घ्यायला येणारा माणूस पहिला प्रश्न हमखास चुकीचा विचारतो. "किती मेगापिक्सेलचा आहे?" मी विचारतो, लावणार कुठे? तर म्हणतो, ते नंतर बघू. दार कोणत्या दिशेला, दिवा कुठे, रात्री उजेड किती, यातलं काहीच माहीत नसताना मेगापिक्सेल काय चाटायचे आहेत? समोरून ऊन येत असेल तर महागातला महाग कॅमेराही आत येणाऱ्याचं तोंड काळं दाखवतो. चोराचं तोंड काळं करणं हे कॅमेऱ्याचं काम नाही, हे लोकांच्या डोक्यात शिरता शिरत नाही. मी सांगून सांगून थकलो आणि गिऱ्हाइकांना सरळ शिडीवाल्याकडे पाठवू लागलो.

शिडीवाला म्हणजे माझ्याकडून माल घेऊन घरोघरी, दुकानोदुकानी कॅमेरे लावणारा माझा दोस्त. सदा खांद्यावर शिडी, म्हणून शिडीवाला. मागून वायरचं वेटोळं दंडात अडकवून त्याची बायको यायची. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. या धंद्यात जोडीदार लागतोच. आधीचा जोडीदार सोडून गेला तेव्हा वहिनी तात्पुरत्या म्हणून आल्या आणि कायमच्या राहिल्या. पुढे पुढे लोक फोनवर मला विचारायचे, "बाई आहे ना बरोबर? मग पाठवा."

त्यांची कामाची रीत अशी. कॅमेरा बाहेर भिंतीवर, चित्र दाखवणारा पडदा आत कुठेतरी, कधी गल्ल्यामागे, कधी कपाटावर. शिडीवरच्या माणसाला पडदा दिसत नाही आणि पडद्यासमोरच्याला शिडी दिसत नाही. मग ओरडाओरडी चालायची.

"दिसतंय का?"

"दिसतंय. उजवीकडे घ्या. अजून. अहो, एवढं नाही, मागे या. बास."

आणि शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा. "कोपरा आला का?" वहिनींनी आतून "आला" म्हटलं की मगच शिडीवाला स्क्रू आवळायचा. तोपर्यंत वरुणराजा कोसळो की ऊन भाजो, तो हात वर धरून उभा.

कोपऱ्याचं हे वेड वहिनींचंच. "चोर काय फोटो काढून घ्यायला मधोमध उभा राहणार आहे?" असं त्या गिऱ्हाइकाला विचारायच्या. "तो कडेकडेनं येतो. कडा बघून घ्या, मधलं कुणालाही दिसतं." नुसतं सांगून त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्या मालकालाच बाहेर पाठवायच्या आणि भिंतीला चिकटून चोरासारखं चालायला लावायच्या. एक पोट सुटलेला धान्याचा व्यापारी स्वतःच्याच गोदामाच्या भिंतीला घासत पावलं टाकतोय आणि अख्खी गल्ली खो खो हसतेय, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. शेजाऱ्याची खिडकी चित्रात येत असेल तर मात्र त्या कॅमेरा वळवायला लावायच्या, गिऱ्हाईक कितीही कुरकुरो. आणि घरात कॅमेरा लावायचा तर घरातल्या प्रत्येकाला सांगूनच, हाही त्यांचाच दंडक. एका सासूबाईंनी सुनेच्या नकळत स्वयंपाकघरात लावून मागितला, तर वहिनींनी वायर गुंडाळली आणि त्या चालत्या झाल्या.

मग तक्रारी यायला लागल्या. कापडवाल्याच्या शटरची डावी बाजू चित्रात येत नव्हती. दवाखान्यातलं बाक अर्धंच दिसत होतं. चित्र स्वच्छ होतं, फक्त भलतीकडेच बघत होतं. बिघाड शोधायचा तर मी आधी वीज बघायला सांगतो, मग जोडणी, मग वायर, आणि सगळ्यात शेवटी कॅमेऱ्याला हात. शिडीवाल्याने हे सगळं केलं. काही सापडेना म्हटल्यावर त्याने कॅमेरा धरणाऱ्या ब्रॅकेटवर राग काढला, म्हणजे माझ्यावर.

"तुझे ब्रॅकेट भिकार आहेत. वाऱ्यानं फिरतात."

"माझे ब्रॅकेट लोखंडाचे आहेत. तुझा स्क्रू ढिला असेल."

"मी काय आज लावतोय?"

काही दिवस आमचं बोलणं बंद होतं. त्याने दुसऱ्या दुकानातून माल घेतला, तक्रारी तशाच राहिल्या, आणि एक दिवस तोंड पाडून माझ्या काउंटरवर परत आला. कबुतरं बसत असतील, असंही आम्ही बोलून पाहिलं. प्लगपासून काचेपर्यंत एकेक गोष्ट तपासली. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला तपासायचं मात्र ना त्याला सुचलं, ना मला.

ते सुचलं औषधाच्या दुकानात, तेही औषधवाल्यामुळे. वहिनी पडद्यासमोर होत्या, औषधवाला त्यांच्या मागे उभा होता. शिडीवाल्याने बाहेरून हाक दिली, "कोपरा आला का?"

"आला," वहिनी म्हणाल्या.

"कुठे आलाय?" औषधवाला म्हणाला. "गेट तर अर्धं कापलंय."

शिडीवाला वरूनच त्याच्यावर खेकसला. "तुम्ही मध्ये बोलू नका हो. तिला कळतं ते." मग त्याने पुन्हा विचारलं, "आला ना गं?"

आतून उत्तर आलं नाही. तो खाली उतरला. पडद्यावर गेट खरंच अर्धं होतं. त्याने त्या रिकाम्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे बघ, हा कोपरा."

"कुठला?" वहिनींनी विचारलं.

तो 'कुठला' त्याने मला किती वेळा सांगितला असेल, आणि प्रत्येक वेळी सांगताना आवाज तेवढाच खाली जायचा. बोट पडद्यावर होतं आणि ती विचारत होती, कुठला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. हा रोग दुखत नाही, खुपत नाही, कळू देत नाही. नजर बहुतेक वेळा कडेकडेनं खात येतो, समोरचं शेवटी जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून जपायचं. आणि उरलेलं फार नव्हतं. शिडीवाला हे मला काउंटरवर सांगत होता, तेव्हा एक गिऱ्हाईक मेगापिक्सेल विचारत होतं. त्याला मी दुकानाबाहेर काढलं.

"तुला कळलं नाही?" असं त्याने घरी वहिनींना विचारलं होतं. आधी म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटलं. मग खूप वेळाने खरं बोलल्या. कळत होतं. पडद्याच्या कडा धूसर होऊन नाहीशा होत होत्या, त्या अंदाजाने 'आला' म्हणत होत्या. का? तर त्या कापडवाल्याने एकदा गमतीत म्हटलं होतं, "आता चित्र मोबाइलवर दिसतं की शिडीवरच. बाईंना कशाला दमवता?" शिडीवाला तेव्हा हसला होता. खरं तर मोबाइल त्याच्या खिशात केव्हाचा होता, पण त्यावर बघून कॅमेरा लावावा असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. वहिनींच्या मनात मात्र ते घर करून बसलं. दिसत नाही म्हटलं की हा मोबाइल काढणार आणि मी घरी बसणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

शेवटी झालं तेच. तो मोबाइलवर बघून एकटाच काम करायला लागला. तक्रारी बंद झाल्या, काम लवकर आटपू लागलं आणि त्याला त्याचा राग यायचा. एकदा एका बंगल्यात सवयीने ओरडला, "दिसतंय का?" घरातल्या आजीबाई आतून म्हणाल्या, "दिसतंय हो." तो शिडीवरच बसून राहिला म्हणे.

"वहिनी कशा आहेत?" असं विचारलं की तो म्हणायचा, "समोरचं दिसतंय तिला. घरातलं सगळं करते. मी निघताना फोन करतो, पोचतो तोवर दिवा लावून, चहाचं आधण ठेवून बसलेली असते." हे तो इतक्यांदा सांगायचा की माझ्या मनात पाल चुकचुकायची. पण कुणाच्या आशेवर पाणी ओतायला माझी जीभ रेटली नाही.

मग एक दिवस त्याने घरात ठेवायचा छोटा कॅमेरा मागितला. अंधारातही दिसणारा, तिकडचं बोलणं ऐकू येईल आणि मोबाइलचं बटण दाबलं की त्यातून बोलताही येईल असा.

"वहिनींना सांगितलंस?"

"नको म्हणेल. मी काय तान्हं मूल आहे का, म्हणेल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "दिवसभर जीव टांगणीला लागतो रे. गॅस असतो, उंबरा असतो. नुसतं बघणार आहे."

"हे त्यांच्याच नियमात बसत नाही."

"माहितीय," असं म्हणून खोकं उचलून तो गेला. कॅमेरा त्याने कपाटावर, रिकाम्या डब्यांच्या शेजारी ठेवला.

त्या कॅमेऱ्याबद्दल एक सांगायला हवं. उजेड कमी झाला की त्याच्या पोटात एक बारीकशी काच सरकते, चित्र काळंपांढरं होतं, आणि तेव्हा 'टक' असा आवाज होतो. उजेड आला की पुन्हा टक. लोक बिघाड समजून परत आणतात, मी समजावून परत पाठवतो. बहुतेकांच्या तर तो आवाज कानावरही पडत नाही.

परवा, कॅमेरा ठेवल्याच्या पहिल्याच संध्याकाळी, शिडीवाला काम संपवून माझ्याकडे आला. शिडी भिंतीला टेकवली, मोबाइल काउंटरवर उभा केला. पडद्यावर त्याचं घर होतं. चित्र काळंपांढरं झालेलं, म्हणजे खोलीत अंधार. वहिनी पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"दिवा नाही लावला?" मी विचारलं.

"डोळा लागला असेल बसल्या बसल्या."

पण डोळा लागला नव्हता. त्यांनी पदर सारखा केला, उशी नीट केली, पुन्हा हात मांडीवर ठेवले. सगळं त्या मिट्ट अंधारात. शिडीवाला बघत राहिला. मग म्हणाला, "तुझा फोन दे जरा." माझ्या फोनवरून त्याने घरी लावला.

"निघतोय गं."

"या," वहिनी म्हणाल्या. आवाज हसरा होता.

फोन ठेवून त्या उठल्या. एक हात पुढे, एक भिंतीवर. खुर्चीपाशी थांबल्या, तिला वळसा घातला. पंजाने भिंत चाचपत बटणापर्यंत गेल्या आणि दिवा लावला. चित्रात रंग आले. मग त्या तशाच हाताने भिंत धरून परत वळल्या. दिव्याने त्यांच्या चालण्यात काडीचा फरक पडला नव्हता.

दिवा त्याच्यासाठी होता. रोजचा. शिडीवाल्याचा चेहरा मला बघवेना. काउंटरची कड तो दोन्ही हातांनी धरून होता.

पडद्यावर वहिनी मध्येच थांबल्या होत्या. मान तिरकी करून काहीतरी ऐकल्यासारख्या. टक. एवढा बारीक आवाज मोबाइलमधून आम्हाला दुकानात ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ज्या बाईने जन्मभर कॅमेरे लावले तिला ते कळणारच. कॅमेऱ्याची काच पुसावी तसा त्यांनी पदराने चेहरा पुसला, केस मागे सारले आणि मान वर केली. बघत होत्या त्या कपाटाच्या भलत्याच बाजूला, जिथे नुसती भिंत होती.

"दिसतेय का मी?" त्यांनी विचारलं.

शिडीवाल्याचं बोट बटणावर होतं, पण दाबवत नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिसतेयस," तो म्हणाला.

वहिनी रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. "कुठे लावलाय?"

"डावीकडे बघ जरा," तो म्हणाला. त्यांनी चेहरा डावीकडे वळवला. "अजून. एवढं नाही, मागे ये. बास."

आता त्या सरळ आमच्याकडे बघत होत्या. डोळे उघडे, अगदी समोर.

"मला नाही दिसत हो," वहिनी म्हणाल्या. "काहीच नाही दिसत."

शिडीवाल्याने मोबाइल तसाच काउंटरवर सोडला, शिडीही भिंतीशी सोडली आणि तो दुकानाबाहेर पळाला. पडद्यावर वहिनी मान वर करून उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मग मीच बटण दाबलं आणि म्हटलं, "वहिनी, तो निघालाय. आता खरंच निघालाय."