पुसण्याआधी एकदा विचारा

ड्रेस्डेनमध्ये रविवारी, म्हणजे सक्तीच्या शांततेच्या दिवशी, काचेची रिकामी बाटली कचराकुंडीत टाकली, तरी समोरची आजी खिडकी उघडून जाब विचारते. त्याच शहरात माझं तीन आठवड्यांचं काम पुसलं गेलं आणि कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

पीएचडीचं तिसरं वर्ष. करार संपत आला होता. शुक्रवारी प्रोफेसरांना प्रोग्राम चालवून दाखवला, की वर्षभराची मुदतवाढ, आणि त्या कागदावर व्हिसा. आमच्या गटाचा नियम कडक: कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत अर्धवट काम नोंदवायचं नाही. नव्या प्रणालीत नोंद आपल्यापुरतीही ठेवता येते, हे मला ठाऊक होतं. पण जुन्या प्रणालीत नोंद म्हणजे सगळ्यांसमोर, ती सवय सुटली नव्हती. त्यामुळे मी आज्ञाधारकपणे तीन आठवडे काहीच नोंदवलं नाही.

मंगळवारी एका फाइलमधले बदल रद्द करायचे होते. त्यासाठीची आज्ञा 'चेकआउट'. प्रोग्रामच्या एका आवृत्तीतून दुसरीत जायला हीच आज्ञा मी दिवसातून दहादा द्यायचे. त्या दिवशी फाइलच्या नावाऐवजी टिंब दिलं. टिंब म्हणजे या फोल्डरमधलं सगळं. एंटर दाबलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही, आणि न नोंदवलेलं सगळं कायमचं गेलं होतं.

शेजारच्या टेबलावरचा जर्मन सहकारी, माझ्याच वर्षाचा, येऊन वाकून बघू लागला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "असंच होतं. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की!"

"ज्या बटणाने दिवा लागतो, त्यानेच घर पेटतं," मी ओरडले, "आणि तू मला माहितीपुस्तिका वाचायला सांगतोस?"

"व्यावसायिक माणसांना दर वेळी विचारत बसलं, तर कामं कधी व्हायची?"

त्याच्या डोक्यात कीबोर्ड घालावासा वाटला. घातला नाही, कारण सगळं पुन्हा लिहायचं होतं. शुक्रवारी निम्मंच चाललं. प्रोफेसरांनी मोठ्या मनाने तीन महिने दिले. परदेशी नागरिकांच्या कार्यालयानेही मग व्हिसा तीनच महिन्यांचा दिला. चूक माझी होती, मान्य. पण त्या आज्ञेची काहीच नव्हती?

त्याच आठवड्यात मी त्या आज्ञेवर एक छोटी स्क्रिप्ट चढवली. ती आधी फाइलींची यादी दाखवायची, मग विचारायची: हे बदल कायमचे जातील, पुसू? 'हो' हा शब्द पूर्ण टाइप केल्याशिवाय हलायची नाही. गटाच्या सर्व्हरवर ठेवली. सहकारी हसला. "बालवाडीसाठी छान आहे."

वसंतात काहीतरी मागायला त्याच्या टेबलापाशी गेले. त्याच्या पडद्यावर माझाच प्रश्न होता, वर एकतीस फाइली. स्क्रिप्ट त्याने गुपचूप बसवून घेतली होती. तो बराच वेळ यादीकडे बघत राहिला, मग 'नाही' टाइप केलं. मागे मी उभी आहे हे कळल्यावर कानापर्यंत लाल झाला.

"आल्झो... म्हणजे... कॉफी?"

"नको," मी म्हणाले. "तू डॉक्युमेंटेशन वाच."