माळढोक इंजिनाचा आवाज

सोलापूरहून अकलूजला जाणारी रेल्वेगाडी रोज दुपारी वेळेवर सुटते. ती अस्तित्वात नाही, एवढीच तिची अडचण आहे.

ही गाडी माझ्या संगणकात धावते. वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करून मी निवृत्त झालो, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले, मित्रांनी आत्मचरित्र लिहायला सांगितले आणि पत्नीने, म्हणजे शैलाने, स्वयंपाकघरात न येण्यास सांगितले. मी फक्त शैलाचे ऐकले. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर, मी लोहमार्ग टाकायला घेतला. (भूसंपादनाला कोणीही विरोध केला नाही.)

माझ्यासारख्या रिकाम्या माणसांचा एक गट इंटरनेटवर आहे. हौशी लोक घरात खेळण्यातली रेल्वे मांडतात, तशी आम्ही ती पडद्यावर मांडतो. रूळ, पूल, सिग्नल, स्टेशनातला गळका नळ, सगळे. गटाचा नियम एकच आहे, पण कडक आहे: इंजिन कोणत्याही खऱ्या इंजिनाची नक्कल नसावे. आकार, रंग, नाव, आवाज, सारे स्वतःचे हवे. जगात नसलेले इंजिन घडवायचे आणि ते असल्यासारखे वाटायला लावायचे.

माझ्या मार्गावर कायम हिवाळ्यातली सकाळ असते. बाहेर सोलापूरचे ऊन छपरे वाकवत असताना आत पडद्यावर धुके असते. ज्वारीच्या कणसांतून रूळ जातात, टेंभुर्णीला चहावाला पितळी किटली घेऊन उभा असतो, पुढे उसाचे मळे लागतात आणि त्यांच्या कडेने गाडी इतकी हळू जाते की खिडकीतल्या बाईला उसाची पाने मोजता यावीत. मेंढ्या रूळ ओलांडत असतील तर गाडी थांबते. मेंढ्या रुळावरच बसल्या तर धनगर गार्डाशी बोलत बसतो. गाडीतल्या कोणालाच कुठे पोहोचायचे नसते. मीही त्यांच्यातच कुठेतरी बसलेला असे आणि शैलाने तिसऱ्यांदा 'जेवायला या' म्हटल्यावर नाइलाजाने मधल्या एखाद्या स्टेशनावर उतरे.

या गाडीसाठी मी जे इंजिन घडवले, त्याचे नाव माळढोक. लहानपणी माळावर तो पक्षी मी एकदाच पाहिला होता. मान ताठ, पोट जड, चाल अशी की कुठेतरी उद्घाटनाला निघाला आहे. तसेच हे इंजिन: मातकट पिवळे अंग, पुढे लांब पांढरे नाक, वर काळी टोपी. नुसत्या खिडक्यांच्या कडा गोल करण्यात माझा एक उन्हाळा गेला. रात्री डोळे मिटले तरी ते इंजिन धुक्यातून येताना दिसे. मात्र ते मुक्याने येई. त्याला आवाज नव्हता.

डिझेल इंजिन उभे असताना जी संथ, खोल घरघर करते, ती मला हवी होती. मी मिक्सर रेकॉर्ड केला. इंजिन चटणी वाटत असल्यासारखे वाटले. कुकर रेकॉर्ड केला. इंजिन भात शिजवू लागले. कोपऱ्यावरच्या गिरणीत फोन घेऊन उभा राहिलो, तर गिरणीवाल्याने विचारले, "साहेब, दळण कुठंय?" आणि नंतर पेठेत चौकशी केली की निवृत्तीनंतर असे होते का.

याच सुमारास आमच्याकडे अप्पा राहायला आले. अप्पा म्हणजे माझे सासरे. अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखाच्या शिवेवर त्यांचे गाव. सासूबाई गेल्यानंतर ते तिथे एकटेच राहत. न्हाणीघरात एकदा पाय घसरून पडले, सकाळपर्यंत तिथेच पडून राहिले आणि हे शैलाला शेजाऱ्यांकडून कळले. त्यानंतर दोन वर्षे ती त्यांना बोलावत होती. अप्पांचे उत्तर ठरलेले, "लेकीच्या घरी माणूस चार दिवस शोभतंय." शेवटी ते आले, पण सोबतची पिशवी त्यांनी उघडली नाही. लागेल तेवढेच वर काढत आणि गाठ पुन्हा मारत. शैलाची नजर दिवसभर त्या गाठीवर असे. मला तिने स्पष्ट बजावले होते, "अहो, त्यांना लागेल असं काही बोलू नका. एकदा गेले तर परत यायचे नाहीत."

मी शब्द दिला. आणि बोललो काहीच नाही, हे इथे नोंदवायला हवे.

दुपारच्या जेवणानंतर मी आणि अप्पा हॉलमध्ये कूलरसमोर दोन खाटांवर आडवे होत असू. वाळ्याचा वास, पडदे ओढलेले, रस्ता निपचित. अशी झोप लागे की माणूस तरंगत तरंगत पार भीमेपर्यंत जाऊन यावा. आणि नेमके तेव्हाच एका प्रचंड घोरण्याने मी दचकून जागा होई. बघावे तर शेजारी अप्पा, डोळे मिटलेले, चेहरा देवासारखा शांत! हे रोज घडले. मी एकदा सहज विचारलेही, "अप्पा, झोप लागली का?"

"आमचं कसलं झोपणं," अप्पा म्हणाले. "नुसतं पडायचं."

झोपणारा माणूस घोरणे कधीच कबूल करत नाही, हे मला माहीत होते. पण आवाज ऐकावा तर काय! सुरुवातीला खोल घरघर, मग एक झटका, आणि शेवटी बारीक शीळ. अर्धवट झोपेत तो कानी पडला की समोर माळढोक उभे राहिलेले दिसे, सिग्नलची वाट बघत.

दुसऱ्या दुपारी दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर मी फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केले आणि संशय येऊ नये म्हणून झोपेचे सोंग घेतले. सोंग उत्तम वठले. उठलो तेव्हा चहाची वेळ झाली होती आणि फोनमध्ये खजिना होता. कानाला हेडफोन लावून मी त्यातला सुरुवातीचा तुकडा कापला, थोडा संथ केला, इंजिनाला जोडला. माळढोकने पहिला श्वास घेतला! टेंभुर्णीच्या धुक्यात ते घरघरत उभे राहिले आणि माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आले.

गटात तर खळबळ माजली. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी ते इंजिन उतरवून घेतले. एकाने लिहिले, 'एवढा जिवंत आवाज पूर्वी ऐकला नाही.' दुसऱ्याने लिहिले, 'इंजिन थोडे थकलेले वाटते, पण स्वभावाने चांगले असावे.' मी अप्पांकडे कौतुकाने पाहिले. ते शेंगा सोलत होते.

रविवारी शैलाचा धाकटा भाऊ सिद्धू बायकोला घेऊन अक्कलकोटहून आला. शेंगापोळ्यांचा बेत होता. शैला तव्यापाशी अडकलेली. सिद्धू म्हणाला, "दाजी, तुमची ती रेल्वे दाखवा की एकदा. निस्तं ऐकतोय."

मी इंजिन टीव्हीला जोडले. आवाज मोठा केला. धुक्यातून माळढोक आले, फलाटाला लागले, थांबले आणि हॉलभर घोरू लागले.

सिद्धूने मान तिरकी केली. "दाजी, ह्यो आवाज कुटंतरी ऐकल्यासारखा वाटायलाय."

इथे कोणताही शहाणा माणूस विषय बदलतो. मी म्हणालो, "ओळख बघू! घरातलाच आहे."

सिद्धूने इंजिनाकडे पाहिले, खाटेकडे पाहिले, आणि किंचाळला, "अप्पा! अवो अप्पा, तुमी इंजिन झालाव की!"

तो हसून हसून जमिनीवर बसला. त्याच्या बायकोने पदराने तोंड झाकले, पण खांदे हलत होते. मीही हसलो. माळढोकने नेमक्या त्याच वेळी बारीक शीळ घातली.

अप्पांनी पोळीची ताटली तशीच खाली ठेवली.

"सुम्मनिरो!" ते सिद्धूवर कडाडले. (गप्प बस, असे कानडीत. एरवी ते कानडीत फक्त देवाशी आणि बैलाशी बोलत.) मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "जावईबापू, म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवून घेतलं ते ह्याच्यासाठी व्हय? जगाला ऐकवायला?"

त्यांनी खाटेखालची पिशवी ओढली. तिची गाठ मारलेलीच होती, त्यामुळे तयारीला वेळ लागला नाही. "सिद्ध्या, गाडी काढ."

स्वयंपाकघरातून शैला आली तेव्हा वडील पायात चप्पल घालत होते, भाऊ जमिनीवर बसला होता आणि नवऱ्याने टीव्ही घाईघाईने बंद केला होता. तिला सारे सांगायला सिद्धूला दोन वाक्ये लागली. आम्ही बातम्यांतही इतका थोडक्यात मजकूर कधी बसवू शकलो नव्हतो.

"अहो," शैला म्हणाली. एवढेच म्हणाली. पण उलथने तिच्या हातात होते.

"मी इंजिन पुसून टाकतो," मी म्हणालो.

"आणि लोकांनी घेतलंय ते?" सिद्धूने जमिनीवरून शंका काढली. मदतीची त्याची पद्धत अशी आहे.

"पुसायचं कशाला?" अप्पा दारातून म्हणाले. "मी घोरतच न्हाई. आमच्या घराण्यात कुणी घोरत न्हाई. दुसऱ्या कुणाचं तरी माझ्या नावावर खपवायलेत. पुरावा हाय का? तुमी पेपरवाले न्हवं?"

हे मात्र मला झोंबले. चाळीस वर्षांत पुराव्याशिवाय मी ओळ सोडली नव्हती. अप्पांची मी माफी मागणार होतो, पण व्यवसायाची अब्रू आधी वाचवावी असे ठरवले. शैला डोळ्यांनी 'नको' म्हणत असताना मी फोन काढला आणि मूळ रेकॉर्डिंग, न कापलेले, सर्वांसमोर लावले.

कूलरचा आवाज. मग घोरणे. घरघर, झटका, शीळ. "ऐका," मी म्हणालो. सिद्धूने हसू दाबले. अप्पा दारात ताठ उभे. पुन्हा घरघर, झटका, शीळ. माझा तुकडा इथे संपत होता. यापुढचे मी ऐकलेच नव्हते. महत्त्वाचे सुरुवातीला असते आणि शेपूट निर्धास्त कापावे, ही उपसंपादकाची सवय. आता ते शेपूट ऐकू येऊ लागले. आणखी एक घरघर झाली आणि तिच्यावरून, खणखणीत जागा असलेला, अप्पांचा आवाज आला:

"शैले, अगं ह्यांना जरा कुशीवर वळव की! लई झालं. खाट हलायलीय."

त्यावर स्वयंपाकघरातून शैलाचा आवाज, "असू दे अप्पा. ते तसंच असतं. कानात कापूस देऊ का?"

"न्हाई, राहू दे. दमलं असेल लेकरू."

आणि या सगळ्याखाली, क्षणभरही न थांबता, घरघर, झटका, शीळ.

मी फोनकडे पाहत होतो. रोज दुपारी मला दचकवून जागे करणारा माणूस मला अखेर सापडला होता.

"तीस वर्षं झाली त्या आवाजाला," शैला शेवटी म्हणाली. "मला विचारायचं तरी."

"तू कधी बोलली नाहीस!"

"झोपलेल्या माणसाला काय बोलणार? आणि जागेपणी तुम्ही इंजिनात."

सिद्धू आता पालथा पडून हसत होता. अप्पांनी चप्पल काढली, आत आले, खाटेवर बसले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. रागावलेल्या माणसाला एवढे मोठे समाधान एकदम मिळाले की त्याचे काय करावे ते सुचत नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "ते इंजिन लावा बघू परत."

मी लावले. धुके, ज्वारी, फलाट. अप्पा हनुवटीवर हात ठेवून ऐकत राहिले. मेंढ्या रूळ ओलांडून गेल्या. एक मेंढी मागे राहिली तेव्हा त्यांनी खाटेवरूनच तिला हाकलले. गाडी उसाच्या कडेने निघाली आणि ते कधीच न पाहिलेल्या त्या सकाळीत हरवून गेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "इंजिन देखणं हाय. पण दम कमी पडतोय. चढाला काय करणार हे?"

त्यांचे बरोबर होते. चढाचा आवाज माझ्याकडे नव्हता.

तो विभाग आता अप्पांकडे आहे. दुपारी ते माझ्या ताटात स्वतः वाढतात. "घ्या, आणखी एक भाकरी घ्या. आज चढ हाय." मी आडवा झालो की ते स्टुलावर फोन ठेवतात आणि शेजारी बसून राहतात. मी मध्येच कुशीवर वळलो तर मला ढोसून सरळ करतात. परवा ते गावी जाऊन आले, पण फक्त जाड सतरंजी आणायला. पातळ सतरंजीवर माझी शीळ फुटत नाही, असे त्यांचे मत आहे.

गटातही काम सुरू आहे. परदेशातल्या एका सदस्याने नुकतेच विचारले, 'हे इंजिन कोणत्या साली बांधले असे समजायचे?' मी शहानिशा करून माझे जन्मसाल कळवले. त्यावर त्याचे उत्तर आले, 'वाटलेच. आमच्याकडे या वयाची इंजिने कामावरून काढून, पुसून, नुसती उभी करून ठेवतात.'

हे मी घरात वाचून दाखवले.

"उभं कुटं?" अप्पा म्हणाले. "आपलं आडवंच असतंय की."