एक पूर्ण पुडा

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी आहे, आणि घरच्या तेंदूपत्त्याचा गोंधळ घालणाराही पहिला मीच.

झालं असं. माझी मुलगी प्रज्ञा पाचवीत. ऐन परीक्षेच्या तोंडावर कबड्डी खेळताना तिचा पाय मोडला. देवरीला नेऊन प्लास्टर घातलं, पण परीक्षा बुडाली. गुरुजी म्हणाले, "जूनमध्ये पुन्हा परीक्षा घेऊ. पास झाली तर सहावीत, नाही तर पाचवीतच." म्हणजे मैत्रिणी पुढे आणि ही धाकट्या चुलतभावाच्या बाकावर! प्रज्ञानं रडून घर डोक्यावर घेतलं. मी म्हणालो, "घाबरू नको बेटा. आता सगळं शिक्षण ऑनलाइन आहे. मी शिकवतो तुला घरीच."

तिचं घोडं अडलं होतं दशांश अपूर्णांकांवर. मी शोध सुरू केला. (आमचं गाव चिचगडच्याही आत, जंगलाला लागून. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. तिथं उभं राहून व्हिडिओ उतरवायचा आणि घरी आणून दाखवायचा.) पहिल्या व्हिडिओतल्या बाईंनी दशांश शिकवायला पिझ्झा कापला. प्रज्ञाला गणिताऐवजी भूक लागली. दुसऱ्यातले सर हिंदीतून ओरडत शिकवायचे. त्यांच्याकडून तिला दशांश आला नाही, पण आजीवर "पहले घंटी दबाओ!" असं ओरडता येऊ लागलं.

"कोनती घंटी वो?" माझी आई बिचारी दारामागं शोधायची.

शेवटी विश्वासाची साइट सापडली. तिच्यावर एकही जाहिरात नव्हती आणि भाषा इतकी शुद्ध होती, की अर्धी मला कळलीच नाही. न कळणाऱ्या गोष्टींवर माझा कॉलेजपासून गाढ विश्वास आहे! तिथं लिहिलं होतं, 'घरात सहज उपलब्ध असलेल्या शंभर एकसारख्या वस्तूंचा गठ्ठा बांधावा. गठ्ठा म्हणजे एक पूर्ण. त्यातील दहा वस्तू म्हणजे एक दशांश.'

शंभर एकसारख्या वस्तू! मे महिन्यात आमच्या अंगणात दुसरं असतं काय? आई आणि माझी बायको सुनंदा पहाटे जंगलातून तेंदूची पानं तोडून आणतात, घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेणाऱ्या मुन्शीकडे, नेऊन देतात. (याच पानांवर आईनं मला बी.ए. केलं.) त्या दुपारी दोघी पुडे बांधून आत लवंडल्या होत्या.

"बाबा, आजी मारन," प्रज्ञा म्हणाली.

"पाठ झाला की पुन्हा सत्तरचे बांधू. शिक्षणासाठी एवढं चालतं."

आम्ही बापलेकींनी सगळे पुडे सोडले आणि शंभर-शंभरचे बांधले. (एका पुड्यात काम भागलं असतं, हे आता सुचतं. पण मला वाटलं, जास्त पुड्यांनी पाया पक्का होतो!) मग पुढचा पाठ उतरवायला मी टाकीकडे गेलो. परत आलो, तर अंगण रिकामं.

"पुडे कुठं गेले?"

"आजी घेऊन गेली. मी सांगून रायली होती, तर म्हने, तुयी घंटी मंग दाबजो."

मी फळीकडे धूम ठोकली. तिथं मुन्शी एक पुडा हातावर तोलत होता. "काऊन वो मावशी, हा पुडा हाय का उशी?"

आईनं पुडा चाचपला, मग माझ्याकडं पाहिलं. मी नम्रपणे म्हणालो, "आई, तो एक पूर्ण आहे."

"तुयं डोस्कं हाय का रे पूर्ण?"

सगळी फळी हसली. मुन्शी म्हणाला, "सत्तरचेच पायजे. अंधार पडाच्या आंधी आना. उद्या फळी बंद हाय."

उद्यापर्यंत पानांचे पापड झाले असते. पुडे उचलून आम्ही घरी आलो आणि अंगणात बसलो. मी एक पुडा सोडून पहिल्या पानापासून मोजायला लागलो.

"बाबा, सगळे कायले मोजून रायले?" खाटेवरून प्रज्ञा ओरडली. "तीसच काढा ना! शून्य पूर्णांक तीन काढले, का शून्य पूर्णांक सात रायते. झाला पुडा!"

माझा हात थांबला. पोरीला दशांश आला होता!

"सुनंदा, ऐकलंस?"

"आयकलं. हात चालवा."

काढलेल्या पानांचेही पुडे झाले आणि दिवे लागायच्या आत सगळा माल फळीवर पोचला. आई माझ्याशी बोलली नाही. पण प्रज्ञाला तिनं दोनदा जेवू घातलं.

जूनमध्ये प्रज्ञा पास झाली. गुरुजी खूश. "दशांश एकदम पक्के आहेत हो! कोणती साइट पाहिलीत? बाकीच्या पालकांनाही सांगतो."

मी घसा साफ केला, मोबाइल काढला. तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "साइट नाही गुरुजी. बाबा जे बांधून ठेवते ना, थे सोडून पायलं का बराबर समजते."

गुरुजींनी लगेच मान डोलावली. पाचवीत मलाही त्यांनीच गणित शिकवलं होतं.