चुलीवरची कणसं

मी दोनच इयत्ता शिकलो, पण शेतातलं मला कोणी शिकवलेलं खपत नाही. तरी मावला गावात शेतकी खात्याच्या सभेला गेलो, कारण तिथं ज्वारीचं बी फुकट मिळणार होतं. माझा कापूस पाण्यात सडला होता आणि घरचं बी आम्ही मागेच दळून खाल्लं होतं.

बी काही आलं नाही. खात्याच्या साहेबांनी वाईट वर्षात कसं तगायचं याची चित्रं पडद्यावर दाखवली आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र दिलं.

शेजारी एक अनोळखी म्हातारी पदराची गाठ मुठीत धरून बसली होती. साहेबांनी तिला विचारलं, "आजी, दुष्काळात काय खाता?"

"दुस्काळाचं काऊन इचारता, बापू? सुकाळात काय खात नाही, ते इचारा."

साहेब हसले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. मग मीच विचारलं, "काय खात नाही, बाई?"

"चुलीवर धुरात टांगलेली बियाची कणसं. पोरं रडली तरी नाही. तुमच्या चुलीवर हायेत ना?"

"हायेत तर!" मी मान ताठ ठेवून म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, गाठ सोडली आणि मूठभर ज्वारी माझ्या प्रमाणपत्रावर ओतली. "साहेबाले दाखवाले आणली होती, त्यायनं इकडं पायलंच नाही. तुमच्या बियात मिसळून घ्या."

आज माझ्या चुलीवर कणसं टांगलेली आहेत. नातवंडं मागतात, मी देत नाही. प्रमाणपत्रही कामी आलं. पुडी बांधायला कागद चांगला जाड होता.